बेसकडे कान दे

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, "बाबा, चाल संपली की ही जॅझवाली माणसं मनाला येईल ते वाजवत सुटतात." तसं वाटतं खरं. पण 'माय रोमान्स' हे गाणं घे. मूळ चाल ३२ बारची (इथे बार म्हणजे चार मात्रांचा गट), म्हणजे १२८ मात्रांची. ती वाजवून झाली की तेच आवर्तन, त्याच कॉर्डच्या (एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या गटांच्या) क्रमानं, फिरत राहतं आणि सोलो, म्हणजे एकेकाचं आयत्या वेळी सुचलेलं वाजवणं, त्यावर रचला जातो. मनातल्या मनात मूळ चाल गुणगुणत राहिलीस तर कुठे पोचलो ते कळतं.

मी पाठवलेलं रेकॉर्डिंग २५ जून १९६१चं, न्यूयॉर्कच्या 'व्हिलेज व्हॅनगार्ड' या तळघरातल्या क्लबमधलं. पियानोवर बिल इव्हान्स, बेसवर (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) स्कॉट लाफारो, ड्रम्सवर पॉल मोशन. दुपार-रात्र मिळून पाच सेट झाले, म्हणजे मधे थांबत पाचदा वाजवलं. लोकांच्या गप्पा, ग्लासांची किणकिण, सगळं टेपवर आलंय. (कुणी ते पुसलं असतं तर मी भांडलो असतो.)

तू फक्त पियानो ऐकतेस, तिथेच गाडं अडतं. त्या काळी बेसवाल्यानं बहुतेक वेळ मात्रेला एक सूर देत चालत राहायचं. लाफारो ते हवं तेव्हा सोडतो. इव्हान्सचं वाक्य पुरं व्हायच्या आत वरच्या सुरांत शिरून त्याला उत्तर देतो. इव्हान्सही जागा ठेवतो: त्याचा डावा हात कॉर्डचा मूळ स्वर बहुधा गाळतोच. मोशन ब्रशनं ठेका ठोकत बसत नाही, सुचवतो. कधीकधी मात्रा कुणीच उघड वाजवत नसतं, तरी तिघंही नेमके एकाच ठिकाणी असतात! त्याच दिवशीच्या 'वॉल्ट्झ फॉर डेबी'त आधी पियानो आणि बेस दोघंच, तीन मात्रांच्या वजनात; मग ड्रम्स येतात आणि सगळं चारात जातं. तो सांधा मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकतो.

अकरा दिवसांनी, ६ जुलैला, लाफारो मोटार अपघातात गेला, वय २५. इव्हान्सनं पुढे कित्येक महिने वाजवणं जवळजवळ बंदच केलं. त्यामुळे या रेकॉर्डिंगबद्दल लोक फार हळवं बोलतात. ते बाजूला ठेवून ऐक, वाजवताना त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

'माय रोमान्स'चे त्या दिवशीचे दोन टेक आहेत, म्हणजे ते दोनदा वाजवलेलं आहे. लागोपाठ लाव, एकदा फक्त बेस धरून. आईला दुसरा आवडतो, मला पहिला. तुझं मत कळव.

तुझा,
बाबा