क्लच प्लेट गेली म्हणतात, पण दाखवत नाहीत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रांच्या पानावर रस्ते, पाणी, कचरा यावर रोज कुणीतरी लिहितं, मी आज बाईकच्या क्लचवर लिहितोय, चालत असेल तर छापा. गोव्यात जवळपास घरटी एक तरी दुचाकी आहे आणि गॅरेजवाल्याने "क्लच प्लेट गेली" म्हटलं की आपण मान डोलावून पैसे काढतो, मीही तेच केलं.

मी माशेलचा, नोकरीला पणजीत. बाणस्तारीचा पूल, खोर्ली, जुनं गोवं असा रोजचा रस्ता, आणि सासुरवाडी चोडणला असल्यामुळे महिन्यातून तीन-चार वेळा रायबंदरची फेरीबोट. माझी आधीची शंभर सीसीची बाईक याच रस्त्यावर ५८ हजार किलोमीटर चालली ती कंपनीच्याच क्लच प्लेटवर, विकली तेव्हाही प्लेट तीच होती. नवीन बाईक घेतली तर १९ हजारांतच गॅरेजवाला म्हणाला, प्लेट जळाल्या, पूर्ण सेट बदलावा लागेल. बदलला. २,८०० रुपये. जुन्या प्लेट मागितल्या तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेल्या, आणि बिलावर फक्त "क्लच सेट १, ऑइल १".

दोन महिन्यांत परत तेच. आल्तिनोच्या चढावर एक्सिलरेटर पिळला की इंजिन बोंबलतंय आणि गाडी आपली जागच्या जागी, मागून कदंबा बसचा हॉर्न. शेवटी गावातल्या जुन्या मिस्त्रीकडे नेली. त्याने पाना नाही काढला की काही नाही, गाडी बंद ठेवूनच एका बोटाने क्लचचा लिव्हर ओढला आणि म्हणाला, "क्लच गेल्लो ना रे, प्लेच ना!"

म्हणजे क्लच गेलेला नाही, लिव्हरला प्लेच, म्हणजे ढिलाईच नाही, ते त्याने मला हात धरून दाखवलं. लिव्हर ओढताना सुरुवातीला तो सैल यायला हवा, टोकाला साधारण १० ते १५ मिलिमीटर, आणि मग वजन लागलं पाहिजे. माझा लिव्हर पहिल्यापासूनच ताठ, कारण कुणीतरी केबल ताणून ठेवलेली, म्हणजे मी लिव्हर सोडला तरी आत प्लेट पूर्ण पकड धरतच नव्हत्या, सतत थोड्या घसरत होत्या. याच्या उलट प्ले जास्त झाला तर गिअर खडखडत पडतात, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही, तेव्हाही लोक प्लेटच बदलतात ही आणखी गंमत.

दुसरं निघालं ऑइल. आपल्याकडच्या बहुतेक बाईकचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, स्कूटरचा नसतो. म्हणून ऑइलच्या डब्यावर मागे बारीक अक्षरात जासो (JASO, ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२ लिहिलेलं बाईकसाठी, आणि एमबी लिहिलेलं स्कूटरसाठी, एमबी जास्त गुळगुळीत, त्यात बाईकची प्लेट पकडच धरत नाही. माझ्या बाईकमध्ये एमबी ओतलेलं, हे कळलं कारण नशिबाने उरलेला डबा मी घरी आणून ठेवला होता. ऑइल काढून योग्य ते टाकलं, केबल सैल केली, त्यानंतर ११ हजार किलोमीटर झाले, क्लचने कुरकुर केलेली नाही.

मग माझ्या पहिल्या प्लेट खरंच जळाल्या होत्या का? मला आयुष्यभर कळणार नाही, कारण मी त्या बघितल्याच नाहीत.

क्लच किती किलोमीटर चालतो याला आकडाच नाही हो, कुणाचा २० हजारांत जातो, कुणाचा ६० हजारांनंतरही चालतो, सगळा खेळ डाव्या हाताचा. आपण लोक क्लचवर चार बोटं ठेवूनच गाडी चालवतो, ट्रॅफिकमध्ये पहिला गिअर टाकून हाफ क्लचवर इंच इंच सरकतो. फेरीच्या धक्क्यावर तर बघाच, ओहोटीला पाणी खाली गेलं की रॅम्पचा चढ वाढतो, शेवाळाने निसरडं झालेलं, सगळ्यांना एकदम वर यायचंय, मग ब्रेक लावायचा सोडून जो तो हाफ क्लचवर गाडी तोलून धरतो. एक-दोन मिनिटांत तो जळका वास येतोच. तो वास म्हणजे आपलेच पैसे.

खरंच बदलायची वेळ आली का ते बघायला सपाट मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये चाळीसच्या स्पीडला एक्सिलरेटर नीट पिळायचा. आवाज चढला आणि स्पीड चढलाच नाही तर क्लच घसरतोय, पण आधी प्ले आणि ऑइल बघायचं, मगच उघडायचं. उघडल्यावर स्टीलच्या प्लेट निळ्या पडल्यात का ते डोळ्यांनी दिसतं, आणि घर्षणाची प्लेट व्हर्नियरने मोजता येते, लहान बाईकमध्ये नवी साधारण तीन मिलिमीटर असते, किती झिजली की बदलायची ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण मोजतंय कोण! स्प्रिंग मऊ झाल्यात का हेही तेव्हाच बघून घ्यायचं.

सगळे मिस्त्री फसवतात असं मला अजिबात म्हणायचं नाही, मला वाचवलं तोही मिस्त्रीच आणि त्याने ऑइलचे सोडून मजुरीचे फक्त शंभर रुपये घेतले. पण गॅरेजांनी काढलेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि बिलावर ऑइलचं नाव, ग्रेड लिहावी, एवढं तरी व्हावं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही अनुचित व्यापार प्रथा धरली आहे, तरी आपल्याकडे अजून कागदाच्या चिटोऱ्यावर भागतं. आमच्या ग्राहक चळवळीतल्या मंडळींनी हा विषय घ्यावा. मी तर आता सर्व्हिसिंगला जाताना डिकीत रिकामी पिशवी घेऊनच जातो, जुन्या पार्टसाठी. परवा ब्रेक शू बदलले तेव्हा गॅरेजच्या पोराने आधी विचित्र नजरेने बघितलं, मग काही न बोलता पिशवीत टाकून दिले.

आपला,
एक बाईकवाला वाचक, माशेल