जांबोटी रस्त्यावरच्या त्या रात्रीबद्दल, वकील आक्कांस

आक्का,

सा. न. वि. वि.

निकाल लागला त्या दिवशी कोर्टाच्या आवारात मला एक शब्द बोलता आला नाही. तुम्ही कोट सावरत दुसऱ्या केसला पळालात आणि मी बेळगावी कुंद्याचा, आपल्या खव्याच्या मिठाईचा, डबा हातात धरून झाडाखाली उभा राहिलो. तो डबा शेवटी तुमच्या क्लार्कनं आणि टायपिस्टनं संपवला असं नंतर कळलं. म्हणून हे पत्र.

तुम्ही मराठी घडाघडा बोलता, पण वाचताना जोडाक्षराला अडता, हे मी तुमच्या ऑफिसात बघितलंय. तेव्हा हे क्लार्ककडून वाचून घ्या. तीन वर्षं तुम्ही मला कानडी कागद वाचून दाखवलेत, आता एक मराठी कागद तुम्ही ऐका. आणि उघडं अशासाठी लिहितोय की आमच्या गोवा लाइनीवर भाजी नेणारी पोरं हे वाचतील. त्यांच्यापैकी निम्म्यांना अजून वाटतं की अपघात झाला की पळायचं आणि मग वकील बघायचा.

झालेली गोष्ट आधी सांगतो, कारण गावात तिच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतायत.

फेब्रुवारी २०२२. म्हापशाला कोबी-फ्लॉवर उतरवून रिकामे क्रेट घेऊन छोटा हत्ती चोर्ल्यातून परत आणत होतो. कणकुंबीजवळ टायर बसला, त्यात दोन तास गेले. जांबोटी सोडून खानापूरच्या रस्त्याला लागलो तेव्हा साडेआठ वाजून गेले होते. उसाचा सीझन. डाव्या अंगाला दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर उभा होता. मागं लाल दिवा नाही, रेडियमची पट्टी नाही, ऊस दोन्हीकडून हातभर बाहेर आलेला. मी उजवीकडून गाडी काढली, आणि ट्रॅक्टर जिथं संपतो तिथं त्याच्या पुढून सायकल आडवी आली. डाव्या आरशाचा आवाज आला. बाकी काही नाही, फक्त आरशाचा.

मी थांबलो, हे खरं आहे. शंभरेक पावलांवर. डाव्या आरशाच्या जागी नुसता दांडा उरला होता. उजव्या आरशात बघितलं तर दोन-तीन बॅटऱ्या हलत होत्या आणि कुणीतरी ओरडत होतं, "धरा! धरा!" मी गिअर टाकला.

घरी आलो, जेवलो नाही, बायकोला सांगितलं नाही. सकाळी कळलं की सायकलवाले मामा गवंडी आहेत, मांडीचं हाड मोडलंय आणि बेळगावला नेलंय. तोवर गावातले एक अनुभवी गृहस्थ घरी आले होते. त्यांचा सल्ला असा: तुझं तोंड कुणी बघितलेलं नाही, भाच्याचं लायसन नवं आहे, त्यालाच ड्रायव्हर म्हणून उभा कर, पोराला काही होत नाही. मी खोटं सांगत नाही, आक्का, तासभर मला ते पटलंही होतं.

मेव्हण्यानं तुमचा नंबर दिला. मला वाटलं होतं, तुम्ही पहिल्यांदा विचाराल, धडक तुम्हीच दिली का. तुम्ही ते विचारलंच नाही. तुम्ही विचारलंत, "काय ओ, काल किती वाजता झालं? आणि आता किती वाजले?" साडेदहा, मी म्हटलं. "मग अजून वेळ हाय की. चोवीस तास व्हायच्या आत स्टेशनला जायचं. आत्ताच निघालासा तर बरं."

त्या दिवशी पहिल्यांदा मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ऐकलं. एकोणीस वर्षं स्टेअरिंगवर बसतोय, लायसन दोनदा रिन्यू केलंय, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. अपघात झाला की ड्रायव्हरवर तीन कामं येतात. जखमीला दवाखान्यात पोचवायचं. जवळच्या पोलीस ठाण्यात लवकरात लवकर, जास्तीत जास्त चोवीस तासांत कळवायचं. आणि इन्शुरन्स कंपनीला पॉलिसी नंबर, वेळ, ठिकाण, जखमीची माहिती, लायसनचा तपशील हे सगळं लिहून द्यायचं. ही कामं केली नाहीत तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आणि हे सगळं चूक कुणाचीही असो. म्हणजे मामांचीच चूक होती असं उद्या ठरलं असतं, तरी माझं पळणं हा वेगळाच गुन्हा राहतो.

भाच्याची गोष्ट मी चाचरत काढली तेव्हा तुम्ही पेनाचं टोपण लावलंत. "गप्प बसायचा हक्क तुमचा हाय. खोटं बोलायला मी उभी राहणार नाही. तसलं पाहिजे असलं तर दुसरा वकील बघा." एवढंच. आवाजही चढवला नाहीत. मी भाच्याचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि तो पोरगा आज पुण्यात नोकरीला आहे.

ठाण्यात तुम्ही सोबत आलात. कलमं जामीनपात्र होती, भारतीय दंड विधानाची (भादंवि) २७९ आणि ३३८, म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवणं आणि त्यातून जबर दुखापत करणं, त्यामुळं जामीन तिथंच झाला. मेव्हण्यानं शेताचा उतारा दिला आणि त्यानंतर वर्षभर प्रत्येक लग्नात त्याची आठवण करून दिली. गाडी आरटीओच्या इन्स्पेक्टरची तपासणी होईपर्यंत ठाण्याच्या आवारात उन्हात उभी. ती तुम्ही कोर्टातून बाँडवर सोडवलीत. विकायची नाही, रंग बदलायचा नाही, मागितली की हजर करायची. आरटीओच्या रिपोर्टात ब्रेक चांगले, डावा आरसा तुटलेला, डाव्या दारावर एक ओरखडा, बाकी पुढच्या बाजूला काही नाही, असं आलं. त्या "पुढच्या बाजूला काही नाही"चं महत्त्व मला फार उशिरा समजलं: म्हणजे मी सायकलला समोरून उडवलं नव्हतं, ती बाजूला लागली होती.

मग चार्जशीट आलं. सगळं कानडीत. मी मराठी शाळेत शिकलेला. कानडी बोलतो, बाजारापुरतं. वाचायचं म्हटलं तर दुकानाच्या पाट्या. तुम्ही एक रविवार काढलात आणि ओळ न् ओळ मराठीत सांगितलीत. महाराष्ट्रात ज्याला पंचनामा म्हणतात त्या महजरापासून दवाखान्याच्या दाखल्यापर्यंत. एका साक्षीदाराच्या जबाबाशी तुम्ही थांबलात. पोलिसांनी लिहिलं होतं, "हिडीरी, हिडीरी". तुम्ही म्हणालात, म्हणजे "धरा, धरा". आणि पुढची ओळ वाचलीत: असं म्हणत आम्ही तिघांनी त्याला उचलून कट्ट्यावर ठेवलं.

गावकरी मराठीत "धरा" म्हणाले, हवालदारानं त्याचं कानडी केलं, तुम्ही त्याचं परत मराठी केलंत, आणि तेव्हा मला त्या शब्दाचा अर्थ लागला. ते मला धरायला येत नव्हते. मामांना धरायला हात मागत होते.

तुम्ही चष्मा काढून माझ्याकडं बघितलंत. कायद्यात सूट आहे, जमाव खवळलेला असेल तर जखमीजवळ थांबलं नाही तरी चालतं. बहुतेक वकील हेच मांडतात, हेही सांगितलंत. "पण इथं जमाव कुठं हाय ओ? तीन माणसं हायत आणि दोन बॅटऱ्या." मांडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, असं म्हणालात. मी आठ दिवस घेतले. मग कोर्टानं आरोप वाचून दाखवले तेव्हा जखमीला मदत न करण्याचा तेवढा आरोप कबूल केला, बाकीचे नाकबूल. दोन हजार दंड झाला. पावती अजून गाडीत गणपतीच्या मागं आहे.

बाकीच्या आरोपांवर मात्र तुम्ही एक इंचही सोडला नाहीत, आणि इंच म्हणजे खरोखरच इंच. तुम्ही स्वतः त्या जागी आलात, उन्हातान्हात, पायात ती पांढरी चप्पल. माझ्या हातात टेपचं एक टोक दिलंत. डांबर साडेपाच मीटर. महजरात ऊस सांडल्याची जागा लिहिली होती. तिथून ट्रॉलीची रुंदी काढली तर जायला राहतात तीन-सव्वातीन मीटर. दोन्ही बाजूला खड्डा. "आता सांगा, ह्यातनं ऐंशीनं गाडी जाईल काय?" हे तुम्ही मला विचारत होता की टेपला, मला कळलं नाही.

उलटतपासणीचं सांगतो, कारण माझ्या डोक्यात सिनेमातला वकील होता. पहिला साक्षीदार म्हणाला, गाडी लई जोरात होती. तुम्ही विचारलंत, किती जोरात? लई. तुम्ही तेव्हा काय करत होता? चहा पीत होतो. तोंड कुठं होतं? चुलीकडं. मग गाडी बघितली की आवाज ऐकला? आवाज. तुम्ही खाली बसलात. नंतर युक्तिवादात सर्वोच्च न्यायालयाचा १९९८ चा निकाल वाचलात, स्टेट ऑफ कर्नाटका विरुद्ध सतीश. नुसतं "जोरात चालवत होता" म्हटल्यानं बेदरकारपणा सिद्ध होत नाही, हे त्यात आहे. आपल्याच राज्यातलं प्रकरण, तेही ट्रकचं.

आणि मामा साक्षीला आले तेव्हा. काठी घेऊन. तुम्ही आधी साहेबांना विनंती करून त्यांना खुर्ची द्यायला लावलीत. मग चारच प्रश्न. ट्रॉलीला दिवा होता का? नव्हता. ट्रॉलीच्या पुढून रस्ता ओलांडत होता का? होय. उजवीकडची गाडी दिसली का? ट्रॉलीमुळं दिसली नाही. ट्रॅक्टर नंतर कुठं गेला? माहीत नाही, निघून गेला. मामा खरं बोलले, आणि त्यांच्या खरेपणावरच मी सुटलो. त्यांना खोटं पाडायचा तुम्ही प्रयत्नसुद्धा केला नाहीत. त्या ट्रॅक्टरवाल्याचा पत्ता मात्र शेवटपर्यंत लागला नाही. रस्त्यात अशी गाडी उभी करणं कलम १२२ खाली गुन्हा आहे म्हणे. सीझनला संध्याकाळी कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला उभं राहा आणि मोजा.

मध्ये २०२४ चा जानेवारी आला. ट्रकवाल्यांचा संप, पंपावर रांगा, आणि व्हॉट्सअॅपवर एकच मेसेज: पळालेल्या ड्रायव्हरला आता दहा वर्षं. बायको रात्रभर रडली. मी सकाळी सात वाजता तुम्हाला फोन केला, त्याची माफी आजपर्यंत मागितलेली नाही, आज मागतो. तुम्ही दात घासता घासता समजावलंत. ते भादंविच्या जागी येणाऱ्या नवीन भारतीय न्याय संहितेचं कलम १०६, पोटकलम दोन. ते माणूस दगावला तर, आणि न कळवता पळालं तर. तुमच्यात माणूस जिवंत हाय आणि तुम्ही कळवलेलं हाय. शिवाय आधी घडलेल्या गोष्टीला नंतरची जादा शिक्षा लागत नाही, हे घटनेतच हाय. पुढं १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवूनच झाली. आमच्या ग्रुपवर हा मेसेज कुणी टाकला नाही.

निकाल तुम्हाला माहीतच आहे. २७९ आणि ३३८ मधून निर्दोष. पण मला तुमचे खरे आभार मानायचेत ते दुसऱ्याच कागदासाठी. मामांनी नुकसानभरपाईचा दावा घातला तेव्हा मी घाबरून तुमच्याकडं आलो, हा दावा कसा थांबवायचा म्हणून. तुम्ही म्हणालात, थांबवायचा कशाला? पहिल्या दिवशी इन्शुरन्स कंपनीला कळवायला लावलं ते कशासाठी? फौजदारीत निर्दोष सुटलं तरी तिकडचा दावा वेगळा चालतो, आणि पैसे कंपनी देते. मग तुम्ही तो हिशेब सांगितलात जो मी ड्रायव्हर लोकांना आता तोंडपाठ सांगतो. गाडी सापडलीच नसती तर मामांना सरकारच्या हिट अँड रन योजनेतून, त्या वेळच्या दरानं, मिळाले असते १२,५००. १ एप्रिल २०२२ पासून ते ५०,००० झाले, मृत्यू झाला तर दोन लाख. मांडीत रॉड घातलेल्या गवंड्याला साडेबारा हजार. भाच्याचं नाटक उघडं पडून कंपनीनं हात वर केले असते, तर मामांना आणखी किती वर्षं हेलपाटे घालावे लागले असते कुणास ठाऊक.

केस चालू असताना मामांच्या दारात जायचं नाही, साक्षीदार फोडला म्हणतील, अशी तुमची सक्त ताकीद होती. ती मी पाळली. निकालानंतरच्या रविवारी गेलो. मामा घरी नव्हते. हलक्या कामावर परत जायला लागलेत, कुठंतरी फरशी बसवायला गेले होते. मामींनी पाणी दिलं, चहा नाही दिला, आणि ते बरोबरच आहे. पुढच्या रविवारी परत जातो.

तुमचे शेवटचे चार हजार राहिलेत. कोबीला सध्या भाव नाही, तरी महिनाअखेरीस आणून देतो. सोबत कुंदा आणतो, आणि या वेळी डबा थेट तुमच्याच हातात देतो.

तुमचा,
छोटा हत्तीवाला
(तारखेला नेहमी अर्धा तास आधी येऊन बसणारा)