पित्ताशय काढल्यावर जीवनसत्त्वांचे काय?

महोदय,

डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी 1990 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुर्बिणीतून पित्ताशय काढले, तेव्हा ती देशात नवलाई होती. आता तालुक्याच्या गावीही ही शस्त्रक्रिया होते. घरी जाताना सल्ला मिळतो तो बहुधा ‘तेलकट-तुपकट टाळा’ एवढाच.

पित्त तयार होते यकृतात. पित्ताशय ते फक्त साठवून दाट करते. ते काढले तरी पित्त थेंबथेंब आतड्यात येत राहते आणि बहुतेकांचे अन्न नीट पचते. मात्र अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे स्निग्धांशाबरोबरच शोषली जातात. ज्यांचे जुलाब महिनोन्‌महिने थांबत नाहीत किंवा ज्यांनी धास्तीने तेल-तूप पार सोडले, त्यांनी डॉक्टरांना विचारून रक्त तपासावे. अशा जुलाबांवर दिली जाणारी कोलेस्टिरामिनची पूडही ही जीवनसत्त्वे अडवू शकते. बी-12 कमी निघाले तर मात्र लगेच शस्त्रक्रियेवर खापर फोडू नये; शुद्ध शाकाहार किंवा मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी हे कारण अधिक संभवते. ‘ड’ तर आपल्याकडे पित्ताशय शाबूत असलेल्या अनेकांचेही कमीच असते!

डिस्चार्ज कार्डावर याबद्दल चार ओळी मराठीत छापायला रुग्णालयांची काय हरकत आहे?

– एक वाचक, सांगली