ते जंतू ऑटोक्लेव्हमध्ये घालवू नका

महोदय,

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत कल्चरच्या, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या, टेबलावर माझी सव्वीस वर्षं गेली. निवृत्तीच्या आदल्या वर्षी आयसीयूतल्या एका बाळंतिणीच्या रक्तात क्लेबसिएला नावाचा जंतू वाढला. मॅकॉन्कीच्या प्लेटवर (जंतू वाढवायची खास बशी) गुलाबी, बुळबुळीत ठिपके. लूप (तारेचं छोटं कडं) लावून उचललं की पाकासारखी तार निघायची. एकाही औषधाच्या चकतीभोवती मोकळं वर्तुळ नव्हतं, म्हणजे एकही औषध जंतूला रोखत नव्हतं. राहिलं कोलिस्टिन, शेवटचा उपाय म्हणून ठेवलेलं जुनं प्रतिजैविक. त्याची तपासणी चकतीने भरवशाची होत नाही, द्रवात करावी लागते. सकाळी पाहते तर सर्वांत जास्त औषध घातलेला शेवटचा खळगाही गढूळ, म्हणजे जंतू तिथेही वाढला होता. ती मुलगी वाचली नाही.

कोलिस्टिनला हा जंतू दाद का देत नाही? त्याच्या आतल्या पटलात फो-क्यू नावाचं संवेदक प्रथिन असतं. बाहेर मॅग्नेशियम कमी झालं किंवा आपल्या शरीराने मारा सुरू केला की ते जोडीदार फो-पीला निरोप देतं आणि जंतू आपल्या बाह्य आवरणावरचा ऋणभार कमी करून घेतो. कोलिस्टिन नेमकं त्या ऋणभारालाच चिकटतं. फो-क्यूला एमजीआर-बी या छोट्या प्रथिनाचा लगाम असतो. तो तुटला की निरोप अखंड सुरू राहतात. हा संवेदकच बंद पाडणारं औषध निघालं, तर जुनं कोलिस्टिन पुन्हा लागू पडू शकेल. प्राण्यांच्या पेशींत या धाटणीचे संवेदक नाहीत, ही मोठी जमेची बाजू. अडचणही आहे: या संवेदकातली एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू) बसण्याची खाच आपल्या काही प्रथिनांसारखी असते, म्हणून औषध फार नेमकं हवं. असं औषध अजून बाजारात आलेलं नाही.

ते पारखायचं तर आपल्याच वॉर्डातले जंतू हवेत. आणि आम्ही काय करायचो? रिपोर्ट गेला की प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात. त्या बाळंतिणीची प्लेट मी स्वतःच्या हाताने आत ठेवली. कुणी मागितलीच नव्हती! १९६१ साली पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने हॅमायसीन शोधलं (ते बुरशीवरचं औषध), तेही मातीतला एक जंतू जपला म्हणूनच.

जंतू जपायला ग्लिसरॉल (गोठताना जंतू मरू नये म्हणून) घातलेली बोटाच्या पेराएवढी कुपी आणि उणे ऐंशी अंश सेल्सिअसचा फ्रीझर, एवढंच लागतं. पुण्यात एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आणि एनसीसीएस (पेशीविज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र), दोन्हीकडे सूक्ष्मजीवांचे संग्रह आहेत. कोलिस्टिनला न जुमानणारा प्रत्येक जंतू, रुग्णाचं नाव काढून, रिपोर्टसह यांपैकी एका ठिकाणी जाईल असा आदेश राज्याच्या आरोग्य विभागाने काढावा. कुप्यांचा आणि वाहतुकीचा खर्च मात्र प्रयोगशाळांवर टाकू नये.

— एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ, कोथरूड, पुणे