कोळशाची दोन वर्तुळं

प्रिय दिन्या,

आठ महिने एक ओळ नाही, रागावला असशील. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच. पण आज वर्गात जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही.

गच्चीवरचं भांडण आठवतं? पृथ्वीभोवती एकाच कक्षेत पुढे असलेलं यान गाठायचं तर वेग कमी करायचा, असं तू म्हणालास. कोळशाने दोन वर्तुळं काढलीस, मी ती चपलेने पुसली, आणि दोन दिवस अबोला. आज नववीतल्या एका मुलीने नेमकं तेच विचारलं. मी ठामपणे सांगितलं, "इंजिन चालू करून वेग वाढवायचा." तिने ते वहीत उतरवून घेतलं. घरी आल्यावर मात्र राहवेना, गणित मांडून बसलो.

४०० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीची फेरी साधारण साडेब्याण्णव मिनिटांची. २० किलोमीटर खालच्या कक्षेत तीच फेरी सुमारे २४ सेकंद आधी पुरी होते! वेग घटवला की यान खाली उतरतं. तिथली वाट आखूड, आणि उतरताना वेगही वाढलेला. जोर लावणारा उलट वर चढतो आणि लांबच्या वाटेवर मागे पडतो. जून १९६५ मध्ये जेमिनी ४ या अमेरिकी यानातल्या मॅकडिव्हिट या अंतराळवीराचं हेच झालं. आपल्याच रॉकेटच्या रिकाम्या टप्प्याकडे तो यान रेटत राहिला, टप्पा काही हाती लागेना, इंधन मात्र भराभर संपू लागलं. शेवटी नाद सोडावा लागला. त्याच डिसेंबरात वॉली शिरा या अंतराळवीराचं जेमिनी ६ए खालच्या कक्षेतून मागून आलं आणि जेमिनी ७ च्या ३० सेंटिमीटरवर जाऊन थांबलं. तू हेच सांगत होतास रे.

बावीस वर्षं मी हे शिकवतोय. किती वह्यांत ते चुकीचं वाक्य गेलं असेल? जुन्या मुलांना आता कुठे गाठू? झोप येत नाहीये. अगदी शेवटच्या काही मीटरांत सरळ रेटत जाता येतं, तेवढं माझंही खरं होतं. ते मी सोडणार नाही, तू कितीही ओरड.

नव्या घरात गेलात का? धाकटीचा निकाल कळव. वहिनींना नमस्कार.

उद्या पहिलाच तास त्या वर्गावर आहे. तुझी दोन वर्तुळं फळ्यावर काढणार, आणि ती कुणाची हेही सांगणार. आतल्या वर्तुळावर तू बाण कुठून सुरू केला होतास, तेवढं रात्रीच फोन करून सांग.

तुझाच,
अव्या