जुना पार्ट परत देणारा मेकॅनिक

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पिंपरी आणि चाकणला मोटारी तयार होतात, वेताळ टेकडीवरील एआरएआय या संस्थेत त्यांच्या चाचण्या होतात. मात्र तीच मोटार बिघडली की ती कोणाच्या हाती सोपवावी, हे पुण्यात अजूनही ओळखीपाळखीवर ठरते. गॅरेजच्या भिंतीवरील शॉप ॲक्टची नोंद मालकाच्या कौशल्याविषयी काहीच सांगत नाही. कोथरूडमध्ये वर्षानुवर्षे राहणाऱ्याचे यात निभावून जाते. हिंजवडी किंवा वाघोलीत नव्याने आलेल्याचे शेजारीही नवेच असतात, त्यामुळे त्याने विचारावे तरी कोणाला?

शिवाय शिफारस मागताना आपण चुकीचा प्रश्न विचारतो. 'माणूस चांगला आहे का' याचे उत्तर बहुधा 'हो' असेच येते. त्याऐवजी, केलेले काम फसले तेव्हा तो कसा वागला, असे विचारावे. पुन्हा गाडी घेऊन तपासणारा आणि दुसऱ्यांदा मजुरी न लावणारा मेकॅनिक थोडा महाग असला तरी मी त्यालाच पसंती देईन.

खरी पारख मात्र निदानात होते. एसीचेच पाहा. त्यातील गॅस बंद नळ्यांमधून फिरत असतो, तो इंधनासारखा खर्च होत नाही. तो लक्षात येण्याइतका कमी झाला असेल, तर बहुधा कोठेतरी गळती असते. गळती न शोधता दर उन्हाळ्यात नुसता गॅस भरून देणारा कारागीर पुढच्या उन्हाळ्याचे गिऱ्हाईक तयार करून ठेवतो. इंजिनचा दिवा लागला की स्कॅनर एक कोड दाखवतो, पण तो कोड बिघाडाची दिशा सांगतो, नेमका कोणता पार्ट गेला हे दर वेळी सांगत नाही. वायरिंग आणि कनेक्टर न तपासता थेट सेन्सर बदलायला सांगणाऱ्याला दोन प्रश्न जरूर विचारावेत. खड्ड्यांतून जाताना पुढून खडखड येऊ लागली, तर दोष अनेकदा लिंक रॉड या चाकाजवळच्या छोट्या जोडदांड्याचा किंवा झिजलेल्या बुशचा, म्हणजे रबरी जोडाचा असतो, आणि तरीही शॉक ॲब्सॉर्बरची जोडी बदलण्याचा सल्ला मिळतो. (आपल्या रस्त्यांच्या कृपेने या कामाला शहरात खळ नाही.) ब्रेक पॅड बदलायचे म्हटले, तर चाक काढून किती जाडी उरली आहे ते दाखवायला सांगावे, साधारण तीन मिलिमीटरपर्यंत आली असेल, तर बदलणे योग्यच.

पार्ट बदलला, तर जुना पार्ट मागून घ्यावा आणि नव्याचे खोके पाहावे. एकाच पार्टचे मोटार कंपनीचे व इतर बनावटीचे प्रकार वेगवेगळ्या किमतींना मिळतात, हे नाना पेठेत फिरलेल्या कोणालाही ठाऊक आहे. इतर बनावटीचा पार्ट बसवण्यात काही गैर नाही; तो कंपनीचा म्हणून लावला, तर ती फसवणूक ठरते.

बिलाबाबत मात्र दोष एकट्या मेकॅनिकचा नाही. 'बिल नको असेल तर अठरा टक्के जीएसटी वाचेल' हे वाक्य ऐकताच आपणही खूश होतो आणि त्याबरोबर तक्रारीचा आधारच सोडून देतो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार बिल वा पावती न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे; १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते, पण कागदच नसेल तर काय सिद्ध करणार?

बाहेर काम केले की वॉरंटी संपते, या धास्तीने अनेकजण नाइलाजाने अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्येच जातात. भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये चौदा मोटार कंपन्यांना दंड ठोठावताना अशी सरसकट अट घालू नये, असे बजावले होते. त्या आदेशावर पुढे अपिले झाली. सदोष दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीची गोष्ट अर्थात वेगळी, त्यामुळे वॉरंटीच्या अटी वाचून घेणे उत्तम.

शहरातील गॅरेजचालकांना माझी विनंती आहे की, काम हाती घेण्यापूर्वी त्यांनी साध्या जॉब कार्डवर मजुरी आणि पार्ट यांचा अंदाजित खर्च वेगवेगळा लिहून द्यावा, पार्ट कोणत्या बनावटीचा आहे ते नमूद करावे आणि खर्च त्यापुढे जाणार असेल तर आधी फोन करावा. ग्राहकांनीही हे कार्ड हातात पडल्याशिवाय गाडीची किल्ली देऊ नये.

आपला,
एक वाहनधारक, कर्वेनगर, पुणे