येन्को कॅमारो शोधताय? आधी बॉनेट उघडा
संपादकसाहेब,
१९६९ ची येन्को कॅमारो (शेवरोलेच्या कॅमारो या अमेरिकन स्पोर्ट्स गाडीची येन्को डीलरने काढलेली दणकट आवृत्ती) मिळाली म्हणून नाचणाऱ्यांनो, जरा थांबा. शेवरोलेची मालक कंपनी जीएम (जनरल मोटर्स), तिचा नियम होता की असल्या गाडीत ४०० क्युबिक इंचाच्या वर इंजिन नाही, तर पेनसिल्व्हेनियाच्या कॅनन्सबर्गमधल्या डीलर डॉन येन्कोने कोपो नावाच्या स्पेशल ऑर्डरच्या आडवाटेने ४२७ चं धूड थेट फॅक्टरीतच बसवून घेतलं, पठ्ठ्याच तो! पण गोची अशी की त्या साली व्हीआयएनवरून (गाडीच्या ओळख क्रमांकावरून) गाडी व्ही८, म्हणजे आठ सिलिंडरची, आहे एवढंच कळतं, कुठलं इंजिन ते नाही. म्हणून इंजिनच्या ब्लॉकच्या पुढचं ग्रीस पुसा, ठोकलेला नंबर व्हीआयएनशी जुळवा, म्हणजे इंजिन त्याच गाडीचं मूळचं आहे का ते कळेल (तिथेही घासून नवा ठोकणारे महाभाग आहेतच). हेडरेस्टवरचं एसवायसी (येन्को सुपर कारची खूण) तर आज कुणीही शिवून घेतं.
– एक गाडीवेडा